तिसरा ठोका

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. "सेलॅकॉइड म्हणजे काय?" हा प्रश्न मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हमखास घालते आणि निम्मा वर्ग हमखास "शार्कसारखा दिसणारा" असं लिहून मोकळा होतो. मी सरळ शून्य देते. मग पालक येतात, प्राचार्य बोलावतात, मुलं तोंड पाडून उभी राहतात, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अरे बाबांनो, दिसण्याचा इथे काय संबंध?

मोडसा बाजारात बघितलाय ना? लांबट काळपट अंग, चपटं डोकं, पाण्यात चालला की लांबून शार्कच वाटावा. तो कापलात की आत मोठे मोठे काटे निघतात. म्हणजे तो हाडांचा मासा, शार्कशी त्याचं काही नातं नाही. उलट पाकट बघा. भाकरीसारखी चपटी, शेपटीला विषारी काटा, शार्कशी दिसण्यात काही साम्य नाही. पण आत हाड नाही, सगळी कूर्चा, आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशी. अंगावरची खवलंसुद्धा दातांच्या जातीची. आणि डोक्याच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं. ही ती शार्कपणाची लक्षणं. जुन्या ग्रीक भाषेत अशा कूर्चेच्या माशांना जे नाव होतं, त्यावरून हा शब्द आला. शार्कला आपल्याकडे मुशी म्हणतात, म्हणून मी मराठीत मुशीसम म्हणते. मुशीसम म्हणजे लक्षणांनी मुशीच्या जातीचा. तोंड बघून जात ठरवायची नाही.

ही छिद्रं माझ्या आयुष्यात नवऱ्याच्याही आधी आली, असं हेरंब म्हणतो. हेरंब मेथर, माझा नवरा, इंजिनीअर माणूस. त्याचं म्हणणं खोटं नाही.

प्रत्येक छिद्राखाली एक नळी असते आणि नळीत घट्ट चिकट रस. हा रस वीज इतकी छान वाहून नेतो की प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेले पदार्थही त्याच्यापुढे फिके पडतात. आता जिवंत प्राणी म्हटला की त्याचं हृदय धडधडणार, श्वास आत-बाहेर होणार, आणि त्या प्रत्येक हालचालीची अगदी क्षीण वीज खाऱ्या पाण्यात पसरणार. क्षीण म्हणजे किती? घड्याळातल्या साध्या सेलचं एक टोक आमच्या वेंगसरच्या समुद्रात बुडवा आणि दुसरं पार सोमालियाच्या किनाऱ्यावर. मध्ये जी काही वीज पाण्यात जाणवेल, तेवढी मुशीला कळते. गढूळ पाण्यात, वाळूखाली दडलेला मासा ती डोळे न वापरता शोधते. मात्र जवळ गेल्यावरच, कारण अंतर वाढलं की हा परिणाम झपाट्याने नाहीसा होतो.

आम्ही दोघांनी मिळून अशाच हजारो कृत्रिम नळ्या एका चकतीत बसवल्या. मागे लहानशी मोटर, एक लांब केबल, आणि वर होडीत पडदा. चकतीजवळ जिवंत माणूस असला की पडद्यावर एक रेघ उमटायची, छातीच्या ठोक्यांची आणि श्वासाची. दोन माणसं, दोन रेघा. प्रत्येकाची चाल वेगळी, त्यामुळे एकाची दुसऱ्यात मिसळत नसे.

कशासाठी हा खटाटोप? सांगते. आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा वाढत चाललाय. पाऊसपाण्याचं तंत्र बिघडल्यापासून नदी वर्षाचे आठ महिने चिखल ओतते. दांडा ओलांडताना होडी पालथी झाली की आत अडकलेल्या माणसाला शोधायचं कसं? कॅमेऱ्याला त्या चहासारख्या पाण्यात काही दिसत नाही. आवाजावर चालणारी यंत्रं जाळी, फेस आणि मोडक्या फळ्या यांत गोंधळतात. आणि पालथ्या होडीत हवा कोंडलेली असते, माणूस त्यात कितीतरी वेळ जगू शकतो. तो आत जिवंत आहे हे बाहेरच्याला कळत नाही, एवढीच अडचण. माझे वडील असेच गेले. होडी सरळ करायला ओढली, आतली हवा निघून गेली, आणि मग आतल्या दाराला बाबांची बोटं घट्ट धरलेली सापडली. ते ओढेपर्यंत जिवंत होते. हे मी कोणाला माफ केलेलं नाही.

सासूबाईंनी आमचं यंत्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. मुशीला त्या मोरी म्हणतात.

"गो वैजू, तू तर म्हणी होतंस मोरीसारखा करतंय म्हणून. ह्या मोरीसारखा खय दिसता? माका तर पोळपाट दिसता."

त्या दिवसापासून सगळ्या बंदरावर त्याचं नाव पोळपाट पडलं. सासूबाईंचे झिल, म्हणजे मुलगे, दोनच. त्यातला धाकटा, माझा दीर गजानन, तर वाट अडवून विचारायचा, "वयनी, लाटणा खय इसारलंस?" गजा 'सातेरी कृपा' या मोठ्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. गडगडाटी हसणारा, भांडखोर, आणि माझ्याशी भांडल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही असा.

यंत्र विकत घ्यायला आलेल्या एका कंपनीलाही पोळपाट पसंत पडला नाही. त्यांना पाण्यातून पाठीचा पर उंचावत जाणारं, दात दाखवणारं यंत्र हवं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'सेलॅकॉइड' लिहायचं, चकती काढून टाकायची आणि कॅमेरा बसवायचा. हेरंबने त्यांच्यासाठी तसा नमुना बनवलासुद्धा. देखणा होता, नाही म्हणत नाही.

"हा मोडसा आहे," मी म्हटलं.

"वैजू, लोकांना बघून शार्क वाटलं पाहिजे. त्याशिवाय कोणी विकत घेत नाही."

"बुडणारा माणूस पाठीचा पर बघून वाचणार आहे का?"

यावर आमचं भांडण झालं, आणि ते मिटायच्या आत बंदर कार्यालयापुढच्या चाचणीचा दिवस उगवला. चाचणी पास झाली तर पोळपाट शोधपथकाच्या होडीवर चढणार होता. निगुडकर साहेब, बंदराचे अधिकारी, खुर्ची टाकून धक्क्यावर बसले. गळ्यापर्यंत पाण्यात तीन पोहणारे उभे केले होते, पुढे ताडपत्रीचा आडोसा. आम्ही यंत्र सोडलं. पडद्यावर काही नाही. जवळ नेलं. काही नाही. एका पोहणाऱ्याच्या पोटाला चकती टेकली तरी पडदा कोरा. तो पोहणारा बिचारा ओरडून सांगत होता, "म्याडम, मी जिवंत आसंय!" सगळा धक्का हसला. निगुडकर साहेब हसले नाहीत. ते नुसते उठून गेले, आणि ते मला जास्त लागलं.

घरी आल्यावर मी यंत्र उलटं केलं तर खोबरेल तेलाचा घमघमाट. सगळी छिद्रं तेलाने आणि कुंकवाने बुजलेली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"तेल कोणी लावलं?"

"मियाच लावलंय. नवी होडी तेल-कुंकू लावल्याबिगर कोण पाण्यात घालता?"

त्यांनी पहाटे उठून, पोळपाटाची चकती चोळून चोळून, मनापासून पूजा केली होती. तेलातून वीज जात नाही हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मी रडायचं की हसायचं, मला कळेना. शेवटी मी त्यांच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि "माका काय म्हायत गो" एवढंच म्हणत राहिल्या.

साहेबांना कारण सांगितलं तर त्यांनी हात जोडले. "बाई, यंत्राला पूजा सोसत नसेल तर ते कोकणात चालायचं नाही." दुसरी चाचणी मिळाली नाही. हेरंब म्हणाला, कंपनीला होकार कळवून टाकू. मी म्हटलं, तुला हवं ते कर. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागलो. घरात असं गप्प राहणं मला भांडणापेक्षा वाईट वाटतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा दर्यात जात होत्या. एका सकाळी मी वर्गात मुशीचे दात दाखवत असताना हेरंबचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "पोळपाट घेऊन ये. गजाची होडी दांड्यावर पालथी पडली."

मी कशी पोचले ते विचारू नका.

धक्क्यावर सगळं गाव लोटलं होतं. होडीवर सहाजण होते. तिघे पोहून बाहेर आले होते. गजा आणि इंजिनवरचा बाबल दिसत नव्हते. सहावा लोकेंद्र, नेपाळकडचा खलाशी, तीन हंगाम गजाबरोबर असलेला. त्याला उडी मारताना, पोहून आलेल्या तिघांतल्या सदाने डोळ्यांनी बघितलं होतं. पुढे त्याचं नारिंगी जाकीट दूर खडकाकडे वाहताना सापडलं, त्यात तो नव्हता. त्याला शोधायला दोन होड्या खोल पाण्यात गेल्या होत्या.

'सातेरी कृपा' पोट वर करून पडली होती आणि ओहोटी तिला वेताळाच्या खडकाकडे खेचत होती. खडकावर आपटली तर चुरा. म्हणून निगुडकर साहेबांनी ओढणारी मोठी नौका बोलावली होती. दोर बांधून झाले होते. आता तिला एका कुशीवर ओढून सरळ करायचं, असं ठरलं होतं.

"ओढू नका!" मी अशी ओरडले की माझाच आवाज मला परका वाटला. "आत हवा असेल. ओढलीत तर ती निघून जाईल. मला आधी बघू दे."

"बाई, त्या दिवशी तीन माणसं समोर उभी होती ती तुमच्या यंत्राला दिसली नाहीत."

"त्या दिवशी त्याचं नाक बुजलं होतं. आज मोकळं आहे."

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. धाकटा मुलगा पाण्याखाली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. त्या साहेबांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "सायबा, चूक माझी होती. तिची नाय. तिका बघूक दी."

साहेबांनी समुद्राकडे बघितलं, खडकाकडे बघितलं. "खडकाच्या अलीकडे काळा गोल दगड दिसतो ना, होडी तिथे पोचेपर्यंत," ते म्हणाले. "पुढे मी ओढणार. चुरा झाला तर आतलेही जगणार नाहीत." तेही खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

आम्ही छोटी होडी घेऊन गेलो. हेरंबने केबल सोडली. होडीचं अंग फायबरचं, त्यातून वीज बाहेर येत नाही. त्यामुळे जिथे भोक आहे तिथेच पोळपाट न्यायला हवा होता. हेरंबने तो पालथ्या होडीखालून तांडेलच्या खोलीच्या खिडकीपाशी नेला. मी पडद्याला डोळे लावून बसले होते.

एक रेघ आली. धावणारी, घाबरलेली. तिच्या शेजारी दुसरी.

"दोन!" मी हेरंबचा दंड इतका दाबला की वळ उठले. "जिवंत आहेत, दोघेही जिवंत आहेत!"

पाणबुड्यांची प्रमुख रुक्साना मजगावकर लगेच उतरली. ही माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने खिडकीतून आत शिरून आधी बाबलला हवेची नळी तोंडात देऊन बाहेर काढलं, मग गजाला. गजा वर आला तेव्हा निळा पडला होता. पण खोकत होता, शिव्या देत होता. गजा शिव्या देतोय म्हणजे ठीक आहे, हे सगळ्या गावाला कळतं. धक्क्यावरून जो आरडाओरडा झाला तो पार आमच्यापर्यंत आला. हेरंबने लहान भावाला मिठी मारली आणि दोघे रडायला लागले. मीही रडत होते. रडता रडता सवयीने पडद्याकडे बघितलं.

एक रेघ अजून होती. संथ, बारीक, आधीच्या दोन धावत्या रेघांच्या गडबडीत नजरेतून सुटलेली.

"अजून एक आहे," मी म्हटलं.

कोणी लक्ष दिलं नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं. तोवर गजा आणि बाबलला धक्क्यावर पोचवून साहेबांची होडी आमच्याजवळ परत आली होती. "कसला अजून एक? आत दोघंच होते. लोकेंद्र तर वाहून गेला."

सदाही त्या होडीत होता. "वयनी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तेना उडी मारल्यान."

हेरंब खाली वाकला. तो माझ्याशी गोड बोलायच्या मनःस्थितीत असूनही त्याच्यातला इंजिनीअर जागा होता. "वैजू, होडीच्या पंख्याजवळ जस्ताची पट्टी असते. गंज लागू नये म्हणून लावतात. खाऱ्या पाण्यात तीही वीज सोडते. तिची रेघ असेल."

"जस्ताची पट्टी श्वास घेते का, हेरंब?"

मी त्याला पडदा दाखवला. रेघ ठोके देत होती आणि त्याच वेळी हळूहळू वर जात होती, खाली येत होती. वर, खाली. मध्ये लांब विसावा. थकलेला माणूस झोपेत श्वास घेतो तशी.

"रुक्सानाची असेल," साहेब म्हणाले. "ती अजून खाली आहे. आणि मी तिला त्या खडकाजवळ परत आत घालणार नाही. तिचाही जीव आहे. दोर ताणा."

होडी काळ्या दगडाला जवळजवळ टेकली होती. साहेबांना दोष देता येत नाही. डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार एकीकडे आणि एकदा सपशेल हरलेला पोळपाट दुसरीकडे. मला त्या क्षणी बाबांची बोटं आठवली आणि माझी बोलती बंद झाली. एरवी तोंडाला कुलूप म्हणून नाही, आणि नेमक्या वेळी शब्द फुटेना.

तेव्हा हेरंब उठला. त्याने पाणबुड्यांशी पाण्याखाली बोलायचा वॉकीटॉकी उचलला. "रुक्साना, होडीपासून लांब जा. जितकं लांब जाता येईल तितकं. वर ये." मग साहेबांकडे वळून म्हणाला, "तिची असेल तर रेघ जाईल. तेवढा वेळ द्या. माझ्या बायकोचं ऐका, साहेब. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच मागितलं असतं."

रुक्साना लांब गेली. तिचं डोकं लाटांत वर आलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो.

रेघ जागची हलली नाही.

साहेबांनी टोपी काढली. वॉकीटॉकीत रुक्सानाचा आवाज आला, "मॅडम, आहे का?"

"आहे. पण तू ठरव, रुक्साना. खडक जवळ आहे."

"कुठे शोधू?"

हेरंबने पोळपाट हळूहळू सरकवला. खिडकीजवळ रेघ बारीक, इंजिनजवळ आणखी बारीक. मधल्या भागात, मासे ठेवायच्या खणाच्या तोंडाशी ती एकदम जाड झाली. "मासळीचा खण," मी सांगितलं, आणि रुक्साना बुडी मारून गेलीसुद्धा.

साहेब ओढणाऱ्या नौकेला ओरडून सांगत होते, "सरळ करू नका! जागेवर धरून ठेवा! खडकावर जाऊ देऊ नका!" त्या नौकेने धूर ओकत सगळा जोर लावला. दोर ताणून तारेसारखे झाले. होडी दगडाला घासली, तो आवाज माझ्या दातांत गेला. पडद्यावरची रेघ अजून हलत होती. मी तिच्याशी बोलत होते म्हणे. "घे रे श्वास, घे, अजून एक घे," असं काहीतरी. मला आठवत नाही, हेरंब सांगतो.

पाणी फुटलं. रुक्सानाच्या काखेत एक काळं डोकं होतं.

लोकेंद्र! शुद्ध हरपलेला, ओठ पांढरे, हाताची सालटी निघालेली, पण नाकाशी बोट धरलं तर ऊब लागत होती. त्याला आमच्याच होडीत ओढून घेतलं. हेरंबने त्याला कुशीवर वळवून पाठीवर थापट्या मारल्या. तो खारं पाणी ओकला. सदा बघत राहिला होता, तोंड उघडं. "अरे पण ह्येना उडी मारल्यान होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

धक्का येईपर्यंत लोकेंद्रने डोळे उघडले. काही सांगायचं होतं त्याला. मी कान जवळ नेला. तीन हंगामांत शिकलेल्या आमच्याच बोलीत तो कसाबसा म्हणाला, "तांडेल आत आसा. बाबल पण. मी जाकीट काढून खालून गेलंय, वाट गावली नाय. तेंका काढा आधी."

म्हणजे तो सुटला होता. पोहत किनाऱ्याला लागला असता. गजा आणि बाबल आत राहिले हे बघून तो मागे फिरला, जाकीट पाण्याखाली जाऊ देईना म्हणून काढून फेकलं, आणि त्या चिखलात चाचपडत भलत्याच खणात शिरला.

"काढले रे," मी म्हटलं. "दोघेही काढले. तूच राहिला होतास."

धक्क्यावर गजा घोंगडीत गुंडाळून बसला होता. त्याला हे कोणीतरी सांगितलं. तो गडगडाटी हसणारा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत उठला, घोंगडी तिथेच पडली. पण सासूबाई त्याच्या आधी पोचल्या. त्यांनी लोकेंद्रच्या गालावर एक हलकी चापट मारली.

"मेल्या, भायर पडलेलंस ना? परत आत जावक तुका कोणी सांगितल्यान?"

आणि सबंध सकाळभर कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. त्यांनी त्याचं ओलं डोकं छातीशी धरलं. बंदरातल्या सगळ्या होड्यांनी एकदम भोंगे वाजवायला सुरुवात केली. कान किटले, पण कोणी थांबवेना. निगुडकर साहेब गर्दीतून वाट काढत आले आणि लोकेंद्रची माहिती विचारू लागले. याचं घरचं कोण, कळवायचं कोणाला?

सासूबाईंनी मान वर केली नाही.

"माकाच कळवा," त्या म्हणाल्या. "माका झिल तीन."